झे. हेड गो. मॅक्सवेल

बाबांच्या लाँगबुकात 19 नोव्हेंबर 2023 ची, अहमदाबादच्या विश्वचषक फायनलची, दोन पानं समोरासमोर आहेत. डावीकडे आपला डाव, उजवीकडे ऑस्ट्रेलियाचा. धावा निळ्या शाईत, विकेट लाल शाईत, निर्धाव चेंडूला टिंब. बाबांनी बँकेत पस्तीस वर्षं लेजरं लिहिली, त्यामुळे ऐंशी ओलांडल्यावरही त्यांचं अक्षर ओळ सोडत नाही. डाव्या पानावर अकराव्या ओव्हरपासून पुढे नजर टाकली की दिसतात ती टिंबं आणि एकेरी धावा. चौकार शोधावा लागतो. मी बोट ठेवून मोजले. शेवटच्या चाळीस ओव्हरमध्ये चार. षटकार एकही नाही.

हे मोजायची वेळ या दिवाळीत आली. ताई, भावोजी आणि भाचा कॅलिफोर्नियाहून आले होते. भाऊबीजेची जेवणं उरकली, ताटं उचलली गेली आणि आम्ही सगळे सतरंजीवर लवंडलो. आमच्या घरात अशा वेळी एकच विषय निघतो. भाच्यानं विचारलं, "मामा, सगळ्यांना धूळ चारत आलेली टीम ऐन बाद फेरीत ढेपाळली, असं सगळ्यात मोठं उदाहरण कुठलं?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "अहमदाबाद." भावोजी म्हणाले, "एजबॅस्टन, 1999." भाचा म्हणाला, "वॉरियर्स, 2016. यात वाद घालण्यासारखं काही नाहीच." बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते, पण ते झोपलेले नव्हते.

भाच्याची बाजू आधी सांगतो, कारण ती त्यानं फार जीव तोडून मांडली. 2016 साली तो बारा वर्षांचा होता आणि ते राहायचे फ्रीमाँटला, म्हणजे वॉरियर्स या बास्केटबॉल संघाच्या ओकलंडपासून जवळच. त्या मोसमात वॉरियर्सनी 82 पैकी 73 सामने जिंकले. त्याआधीचा विक्रम शिकागो बुल्सचा, 1995-96 च्या मोसमातला, 72 विजयांचा. स्टीफन करी सर्वोत्तम खेळाडू ठरला तोही एकमतानं, एकही मत इकडचं तिकडे नाही. अंतिम फेरी सात सामन्यांची. क्लीव्हलंडविरुद्ध चार सामन्यांनंतर वॉरियर्स 3-1 ने पुढे होते, म्हणजे उरलेल्या तिनांतला एक जिंकला की झालं. बास्केटबॉलच्या त्या अंतिम फेरीच्या इतिहासात 3-1 ने मागे पडलेला संघ तोवर कधीही जिंकला नव्हता. आणि वॉरियर्स तिन्ही हरले. शेवटचा सामना 19 जूनला ओकलंडमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर झाला. 89-89 अशी बरोबरी झाली तेव्हा साडेचार मिनिटांहून थोडा जास्त वेळ उरला होता. त्यानंतर वॉरियर्सना एक गुणही करता आला नाही.

"मी सोफ्याच्या मागे जाऊन बसलो होतो," भाचा म्हणाला. "मला बघवत नव्हतं. आवाज तेवढा ऐकत होतो."

त्याचा मुद्दा असा: एका दिवसाच्या सामन्यात काहीही होऊ शकतं. नाणेफेक, खेळपट्टी, एखादा झेल. सात सामन्यांच्या मालिकेत नशीब तीनदा आडवं येत नाही. म्हणून खरी घसरगुंडी तीच. "तुझी मॅच एक दिवसाची, मामा. एक दिवस कुणाचाही वाईट जातो."

मला ते लागलं. अहमदाबादचा तो एक दिवस मला नुसता वाईट दिवस वाटतच नाही.

त्या स्पर्धेत मी आतून गुंतलो होतो. 19 ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्धचा सामना पाहायला लेकीला घेऊन पुण्याजवळ गहुंजेला गेलो होतो. लिटन दासचा सरळ फटका पायानं अडवताना हार्दिक पांड्या घसरला आणि घोटा धरून बसला. त्याच्या ओव्हरचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीनं टाकले तेव्हा स्टेडियम वेडं झालं. लेक खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. त्या आनंदात, आपल्या संघाचा तोल सांभाळणारा माणूस लंगडत मैदानाबाहेर गेलाय हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. तो दिवस कोहलीच्या शतकाचा म्हणून लक्षात राहिला. षटकार मारून त्यानं शतकही पुरं केलं आणि सामनाही संपवला.

हार्दिक गेला म्हणून महंमद शमी आला, आणि शमीनं पुढे जे केलं ते बघितलेला माणूस विसरणार नाही. वानखेडेवर श्रीलंकेचा डाव 55 धावांत आटोपला. ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेचा 83 मध्ये. नऊच्या नऊ साखळी सामने आपले. मग 15 नोव्हेंबरला, त्या वर्षीच्या भाऊबीजेला, वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध उपांत्य सामना. कोहलीचं एकदिवसीय क्रिकेटमधलं पन्नासावं शतक, शमीचे 57 धावांत 7 बळी. ताईनं तिकडून फोनवरच ओवाळलं, कारण मी टीव्हीसमोरून उठायला तयार नव्हतो. दहा सामने, दहा विजय. आमच्या सोसायटीत अंतिम सामन्यासाठी गच्चीवर पडदा बांधला होता. दिवाळीच्या उरलेल्या चकल्या आणि शंकरपाळे प्रत्येक घरातून आले होते. लेकीनं गालांवर तिरंगा रंगवून घेतला होता.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. पॅट कमिन्सनं नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली. खेळपट्टी तीच, जिच्यावर महिन्याभरापूर्वी पाकिस्तानविरुद्धचा सामना झाला होता. कोरडी आणि संथ. रोहित शर्मानं 31 चेंडूंत 47 केल्या आणि दहाव्या ओव्हरमध्ये मॅक्सवेलला उचलून मारायला गेला. चेंडू उंच उडाला, ट्रॅव्हिस हेड पाठ फिरवून पळत सुटला आणि पळता पळता त्यानं झेप घेऊन झेल टिपला. लगेच श्रेयस अय्यर गेला. मग कोहली आणि राहुल यांनी डाव सावरला, पण चौकारच बंद झाले. 97 चेंडू एकही चौकार नाही. कोहली 54 वर असताना कमिन्सचा आखूड चेंडू त्याच्या बॅटीची कड घेऊन स्टंपांवर गेला. त्या क्षणी आमच्या गच्चीवर जी शांतता झाली तीत शेजारच्या इमारतीतला कुकर वाजलेला ऐकू आला. तिकडे स्टेडियममध्ये नव्वद हजारांवर माणसं होती आणि तिथेही तसंच झालं. कमिन्स आदल्या दिवशीच म्हणाला होता की एवढा मोठा जमाव गप्प बसवण्यासारखं समाधान नाही.

240 मध्ये सगळे बाद. राहुलच्या 107 चेंडूंत 66 धावा, त्यात एकच चौकार. नंतर त्याला फार बोल लावले गेले. मला ते मान्य नाही. त्याच्यानंतर जडेजा, सूर्यकुमार आणि मग थेट शमी, बुमरा, कुलदीप, सिराज. सहाव्या क्रमांकावर हार्दिक असता तर राहुल हात मोकळे सोडू शकला असता. चौथी विकेट पडली तेव्हा साडेएकवीस ओव्हर शिल्लक होत्या आणि त्याला एकट्याला शेवटपर्यंत उभं राहायचं होतं. गहुंजेच्या त्या घसरण्याची किंमत एक महिन्यानं, अहमदाबादेत वसूल झाली.

रात्री लेक बेसिनपाशी उभी राहून गालांवरचा रंग धूत होती. केशरी रंग निघता निघत नव्हता. तिनं आरशातूनच विचारलं, "दहा मॅच जिंकलो आणि एक हरलो. त्यांनी तर दोन हरल्या. मग कप त्यांना कसा?"

मी काहीतरी उत्तर दिलं, बाद फेरीचे नियम वगैरे. पण तिच्या प्रश्नानं मला तेव्हापासून सोडलेलं नाही. ऑस्ट्रेलिया चेन्नईला आपल्याकडून हरली, मग दक्षिण आफ्रिकेकडून हरली, मग सलग नऊ जिंकली. इंग्लंडच्या फुटबॉल लीगसारखं गुणतक्त्यावरच विजेतेपद असतं तर आपण डोळे झाकून विजेते होतो. आयपीएलमध्ये पहिल्या दोन क्रमांकांना हरल्यावर आणखी एक संधी असते, तीही इथे नव्हती. बाद फेरी म्हणजे आधीचं सगळं पुसून पाटी कोरी. प्रेक्षकाला ते हवंही असतं. नाहीतर शेवटच्या दिवशी गच्चीवर पडदा कोण बांधेल?

भाच्यानं फोनवर हिशोब करून दाखवला, तो इथे लिहितो कारण मला तो खरंच उपयोगी वाटला. समजा एखादा संघ इतका भारी आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता शंभरात नव्वद. तरी अकराच्या अकरा जिंकण्याची शक्यता शंभरात फक्त एकतीस. प्रत्येक सामन्याची शक्यता ऐंशी धरली तर अकरा जिंकण्याची नऊसुद्धा नाही. आणि दहा जिंकून झाल्यावरही अकराव्याची शक्यता नव्वदच राहते, ती वाढत नाही. आपण मात्र दहा विजय बघून मनात शंभर धरून बसतो. घसरगुंडी वाटते ती त्या मनातल्या शंभरावरून.

भावोजींनी तोवर वाट पाहिली होती. ते म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण हिशोबात न बसणारी गोष्ट एकच आहे. चार चेंडू, एक धाव."

17 जून 1999. इंग्लंडमधलं एजबॅस्टन, विश्वचषकाचा उपांत्य सामना. ऑस्ट्रेलिया 213. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरमध्ये 9 हव्या होत्या आणि समोर होता लान्स क्लूजनर, जो ती स्पर्धा एकहाती खेळल्यासारखा खेळत होता. त्यानं डॅमियन फ्लेमिंगच्या पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार मारले. धावसंख्या बरोबरीत आली. चार चेंडू, एक धाव. पुढच्या चेंडूवर ॲलन डोनाल्ड धावबाद होता होता वाचला. त्याच्या पुढच्यावर क्लूजनर पळाला, डोनाल्ड थांबला, बॅट हातातून पडली, आणि सगळं संपलं. सामना बरोबरीत सुटला, पण त्याआधीच्या 'सुपर सिक्स' फेरीच्या क्रमवारीत वर असल्यामुळे अंतिम फेरीत ऑस्ट्रेलिया. भावोजी तेव्हा पुण्यात होस्टेलवर होते. ते सांगतात की सामना संपल्यावर अर्धा तास कुणी कॉमन रूममधून हललं नाही, आणि तिथे दक्षिण आफ्रिकेचा असा पाठीराखा कुणीच नव्हता.

मी कबूल करतो, या वादात मला त्यांचं उदाहरण सगळ्यांत जवळचं वाटतं. अहमदाबादचा डाव तासन् तास हळूहळू आवळला गेला, एजबॅस्टनला एका श्वासात सगळं गेलं. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेला 'चोकर्स', म्हणजे ऐन वेळी कच खाणारे, ही जी पदवी चिकटली ती पाव शतक सुटली नाही. ज्या पोरांचा 1999 साली जन्मही झाला नव्हता त्यांनाही ती ऐकून घ्यावी लागली. हे मला क्रूर वाटतं.

इथे बाबांनी डोळे उघडले. "फ्लेमिंगकडे चेंडू कुणी दिला?" त्यांनी विचारलं.

भावोजींना आठवेना. मलाही.

"मार्क वॉनं. मिड-ऑफवरून. फ्लेमिंगनं तो फेकला नाही, गिलख्रिस्टकडे जमिनीवरून सरकवला. घाईनं फेकला असता तर चुकला असता. त्याआधी वॉर्ननं 29 धावांत चार काढले होते. बिनबाद 48 वरून चार बाद 61. हे तुम्ही कुणी सांगत नाही. क्लूजनर आणि डोनाल्ड, क्लूजनर आणि डोनाल्ड."

मग ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि कपाटातून तीन लाँगबुकं घेऊन आले.

बाबा मुंबईच्या क्रिकेटवर वाढलेला माणूस. 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईकडे होता. बाबांचं शाळेचं शेवटचं वर्ष, कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं त्या पंधरा वर्षांत झालं. ते सांगतात की मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा येते, आंबे येतात आणि रणजी मुंबईकडे येतो, असाच त्यांचा समज होता. 1974 साली बंगळूरला उपांत्य सामन्यात कर्नाटकनं ते थांबवलं. विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांची शतकं, प्रसन्नानं गावस्करचा उडवलेला त्रिफळा, आणि रंगात आलेला वाडेकर धावबाद. पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबई बाहेर. बँकेत त्या दिवशी कुणाचं कामात लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाबांना विचारलं, "आपण एवढे वाईट खेळलो का हो?" बाबा म्हणाले, "नाही साहेब. प्रसन्ना चांगला टाकत होता." पुढची तीन वर्षं करंडक पुन्हा मुंबईकडेच आला.

दुसरं लाँगबुक उघडलं ते मला न सांगताच कळलं. 7 मे 1991. माझी दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. हरियाणाविरुद्ध रणजीची फायनल, वानखेडेवर, शेवटचा दिवस. बाबांनी रजा टाकली होती. ऊन इतकं होतं की सिमेंटच्या पायऱ्यांवर आम्ही वर्तमानपत्र घालून बसलो होतो. मुंबईला 355 हव्या होत्या आणि 34 वर तीन गेले. मग सचिन आला. अठरा वर्षांचा मुलगा. त्यानं 75 चेंडूंत 96 मारल्या. समोर दिलीप वेंगसरकर उभा. सचिन गेला, कांबळी गेला, एकेक करत सगळे गेले, वेंगसरकर उभाच. शेवटचा गडी ॲबी कुरुविला आला तेव्हा पन्नास धावा हव्या होत्या आणि लोक उठून चालायला लागले होते. थोड्या वेळानं तेच लोक परत पायऱ्या चढून वर आले. वेंगसरकरच्या पायात गोळे येत होते, त्याच्यासाठी लालचंद राजपूत पळत होता. त्या दोघांनी 47 जोडल्या. तीन धावा राहिल्या असताना कुरुविला धावबाद झाला. वेंगसरकर नाबाद 139. मुंबई दोन धावांनी हरली. तो मैदानातच रडला. माझ्या आजूबाजूची माणसंही रडत होती, टाय लावलेली, डबा घेऊन आलेली मोठी माणसं. बाबांनी शेवटची नोंद केली, पेनाला टोपण लावलं आणि बराच वेळ वही मिटली नाही.

परतताना चर्चगेटला लोकलच्या डब्यात एकच शब्द ऐकू येत होता, 'कच खाल्ली'. सकाळच्या फलंदाजांनी कच खाल्ली. मुंबई कच खाऊ लागली. बाबा दादरपर्यंत गप्प होते. मग मला म्हणाले, "दीपक शर्मानं 199 केल्या ना रे पहिल्या डावात?"

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आपलं माणूस मैदानात रडतंय आणि ह्यांना दीपक शर्मा आठवतोय. आता चौतीस वर्षांनी त्या पानावर बघितलं तर हरियाणाच्या पहिल्या डावात 522 धावा आहेत. दीपक शर्मा 199, चेतन शर्मा 98, अजय जडेजा 94. कर्णधार कपिल देव. हरियाणानं रणजी करंडक जिंकला तो त्या एकदाच, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. मुंबईत ती गोष्ट गेली चौतीस वर्षं वेंगसरकरच्या अश्रूंची म्हणून सांगितली जाते. मीही ती शंभरदा तशीच सांगितली असेल. हरियाणातल्या कुणा घरात तीच गोष्ट एकशे नव्व्याण्णवची म्हणून सांगत असतील, आणि तिथे कुरुविलाच्या धावबादला टाळ्या पडत असतील.

वर्तमानपत्रवाल्यांचा आवडता शब्द 'पानिपत', तो बाबांना अजिबात खपत नाही. पाच विकेट भराभर पडल्या की मथळा तयार, 'भारताचं पानिपत'. ते म्हणतात, पानिपतावर समोर अब्दाली होता, त्याची फौज होती, त्याचे उंटांवरचे जंबुरके होते, आणि आपली माणसं दिवसभर लढली होती. त्या दिवसाचं नाव नुसतं हरण्याला द्यायचं हा दोघांचाही अपमान आहे.

मग मी माझ्या मनातलं उदाहरण स्वतःच काढलं. कुणी काढायच्या आधी मलाच ते टोचू लागलं होतं. 25 जून 1983. मी आठ वर्षांचा, गिरगावातल्या चाळीत शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर. आधीचे दोन्ही विश्वचषक जिंकलेला वेस्ट इंडीजचा संघ. जिंकायला 184. एक बाद 50 वरून सहा बाद 76. सर्वबाद 140. क्लाइव्ह लॉईडच्या त्या संघाइतका दरारा असलेला संघ ऐन अंतिम सामन्यात असा कोसळल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. पण त्याला घसरगुंडी म्हणणारा माणूस मला भारतात भेटलेला नाही. आपण म्हणतो, कपिलनं मागे पळत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतला. आपण म्हणतो, मोहिंदरनं 12 धावांत तीन काढले. आपल्याला एकेकाचं नाव पाठ आहे. बार्बाडोसला किंवा अँटिग्वाला कुणी तो दिवस वेगळ्या शब्दांत आठवत असेल याचा विचार मी चाळीस वर्षांत केला नव्हता. त्याच वर्षी तो संघ भारतात आला आणि पाचही एकदिवसीय सामने जिंकून गेला, कसोटीतही 3-0. दरारा कुठेही गेला नव्हता.

आणि बार्बाडोसचंच नाव निघालं म्हणून सांगतो, 29 जून 2024 चं पान तिसऱ्या लाँगबुकात आहे. टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या, सहा गडी हातात होते, क्लासेन तुटून पडला होता. ते सात धावांनी हरले. त्या रात्री मी लेकीला उचलून नाचवलं. दुसऱ्या दिवशी जोहान्सबर्ग किंवा केप टाऊनला कुणीतरी बाप आपल्या लेकीला काय सांगत असेल? आमच्या वहीत लिहिलंय, क्लासेन झे. पंत गो. पांड्या, म्हणजे झेल पंतचा, गोलंदाज पांड्या. मिलर झे. यादव गो. पांड्या. सीमारेषेवर सूर्यकुमारनं आत झेलून, बाहेर जाताना चेंडू वर उडवून, परत आत येऊन पकडलेला तो झेल. गहुंजेला लंगडत गेलेला हार्दिक आणि अहमदाबादला 28 चेंडूंत 18 करून गेलेला सूर्यकुमार. एका ओळीत दोघं. ती ओळ वाचताना मला आजही भरून येतं. दक्षिण आफ्रिकेनं पुढच्या वर्षी, जून 2025 मध्ये, लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचं जागतिक विजेतेपद घेतलं तेव्हा बाबांनी त्या पानाखाली लाल शाईत रेघ मारली. मारक्रम 136, असं निळ्यात लिहिलं. मला फार बरं वाटलं.

तर मी अहमदाबादची दोन पानं पुन्हा नीट वाचली. त्या रात्रीपासून मी ती उघडली नव्हती. गिल झे. झाम्पा गो. स्टार्क. रोहित झे. हेड गो. मॅक्सवेल. अय्यर झे. इंग्लिस गो. कमिन्स. कोहली गो. कमिन्स. जडेजा झे. इंग्लिस गो. हेझलवूड. राहुल झे. इंग्लिस गो. स्टार्क. सूर्यकुमार झे. इंग्लिस गो. हेझलवूड. अख्ख्या पानावर इंग्लिसचं नाव पाच वेळा. त्या रात्री त्यानं पाच झेल घेतले हे मला माहीतच नव्हतं. उजव्या पानावर तीन बाद 47 ला बाबांनी लाल रेघ दिली आहे, म्हणजे त्यांनाही आशा वाटली होती. त्यानंतर हेड 137, लाबुशेन 110 चेंडूंत नाबाद 58. लाबुशेनच्या ओळीतही टिंबंच टिंबं. हा तोच हेड, ज्याचा हात सप्टेंबरात मोडला होता आणि अर्धी स्पर्धा तो खेळू शकणार नाही हे माहीत असूनही ज्याच्यासाठी त्यांनी संघात एक जागा अडवून ठेवली होती. त्याच वर्षी जूनमध्ये ओव्हलला कसोटीच्या फायनलमध्येही त्यानं आपल्याविरुद्ध 163 केल्या होत्या. दोन वर्षं मी हे पान 'आपण कसे हरलो' म्हणून मनात वाचत होतो. वहीत ते तसं लिहिलेलंच नाही.

मी भाच्याला म्हणालो, "अहमदाबाद मी मागे घेतो."

तो हसला नाही. तो बाबांच्या वहीकडे बघत होता. त्यानं विचारलं, "आजोबा, यात बास्केटबॉल लिहिता येईल?"

बाबांनी मला पट्टी आणायला सांगितली. कोऱ्या पानावर त्यांनी पाच रकाने आखले, वर तारीख घातली, 19 जून 2016. मग चष्मा पुसून भाच्याकडे बघितलं.

"बरोबरी किती होती म्हणालास?"

"89."

"शेवटी टोपलीत घालायला कोण गेला होता? तुमच्यातला."

"इग्वाडाला. समोर कुणीच नव्हतं. सोपी होती."

"मग चुकली कशी?"

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. दुपारभर त्यानं आम्हाला 73 सांगितले होते, 3-1 सांगितलं होतं, करी सांगितला होता. "चुकली नाही," तो म्हणाला. "मागून लेब्रॉन आला. अख्खं कोर्ट पळत. त्यानं बोर्डावरच दाबली."

बाबांनी ते लिहिलं. लाल शाईत.

"आणि पुढे? त्यांची टोपली?"

"आयर्विंग. 53 सेकंद राहिले होते. करी त्याच्या समोर हात वर करून उभा होता. तरी त्यानं लांबून टाकली, तीन गुणांची." त्याचा आवाज थोडा बसला होता. "फार सुंदर होती, आजोबा."

बाबांनी निळं पेन उचललं आणि कागदावर टेकवून थांबले.

"आयर्विंग. 'वि' पहिली का दुसरी?"